पूर्व आफ्रिकेंतील सरोवरें आणि पांखरें

तीर्थयात्रेस निघालेल्या मनुष्यास त्याचा हेतु कोणी विचारीत नाहीं. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशीं निघालेल्यासहि कोणी विचारीत नाहीं. परंतु केवळ पांखरें पाहण्याकरितां म्हणून कोणी उतारवयांत समुद्रापलीकडे जाऊं लागला, तर शेजारीपाजारी त्याच्या प्रकृतीची जरा काळजीनेंच चौकशी करूं लागतात. गेल्या माघांत आम्ही उभयतां पूर्व आफ्रिकेस गेलों तेव्हां हा अनुभव आम्हांस भरपूर आला. आमचें उत्तर एवढेंच असे कीं, पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना चातक, क्रौंच, चक्रवाक, चाष हे शब्द आम्हीं हजारों मुलांच्या तोंडून वदवून घेतले. आतां त्या शब्दांचे धनी जेथें मुबलक आहेत, तेथें जाऊन त्यांचें दर्शन घ्यावें, ही इच्छा कांहीं अगदींच अवाजवी नाहीं.

आमची मंडळी एकंदर आठ होती. पुण्याचें एक डॉक्टर दांपत्य, मुंबईचे दोन बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ, नाशिकच्या दोन शिक्षिका आणि आम्ही. बरोबर केनियाचा राहणारा एक तरुण वाटाड्या होता. पांखरें दाखविणें हाच त्याचा धंदा. त्याचे डोळे तर तीक्ष्ण होतेच, पण खरी करामत त्याच्या कानांची. आम्हांस जेथें नुसता पाचोळा वाजे, तेथें त्यास तीन निरनिराळे पक्षी ऐकूं येत, आणि त्यांतील एखाद्याचा आवाज त्यानें ओठांनीं काढला कीं तो पक्षी कुतूहलानें जवळच्या फांदीवर येऊन बसे. आम्ही शिक्षक होतों हें कळल्यापासून तो आम्हांस ‘म्वालिमु’ म्हणूं लागला. स्वाहिली भाषेंत गुरुजींस हा शब्द आहे. त्या भाषेंत ‘न्देगे’ ह्या एकाच शब्दाचे पक्षी आणि विमान असे दोन्ही अर्थ होतात. दुकानास ‘दुका’, पैशास ‘पेसा’, गाडीस ‘गारी’ आणि पोळीस ‘चपाती’ म्हणतात. हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांमध्यें किती शतकें देवघेव चाललेली आहे, ह्याची साक्ष ह्याहून निराळी कशाला हवी?

ह्या प्रदेशांत एवढीं पांखरें कां, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. युगांडा देश महाराष्ट्राहून लहान. तरी तेथें पक्ष्यांच्या एक हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि केनियांतहि तितक्याच. कारणें पाहूं गेल्यास तीं भूमींतच सांपडतात. विषुववृत्त ह्या देशांतून गेलेलें आहे. पृथ्वीच्या कवचास पडलेली एक प्रचंड भेग उत्तरेकडून दक्षिणेकडे ह्या भागांतून जाते. तीस ‘ग्रेट रिफ्ट व्हॅली’ म्हणतात. त्या खचलेल्या पट्ट्यांत सरोवरांची माळ आहे, त्यांतील कांहीं गोड्या पाण्याचीं, तर कांहीं क्षारानें कडू झालेलीं. काँगोच्या महारण्याचा पूर्वेकडील पदर युगांडापर्यंत येऊन पोंचतो. थोडक्यांत, अरण्य, गवताळ माळ, दलदल, खारें पाणी आणि बर्फाचीं शिखरें हीं सर्व थोड्या अंतरावर एकत्र आलेलीं आहेत. शिवाय युरोप-आशियांतील लाखों पांखरें हिंवाळा काढण्यास येथें येतात, तीं निराळींच.

आमच्या प्रवासाचा आरंभ युगांडांतील एंटेबे येथून झाला. हें गांव व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं वसलेलें आहे. सरोवर म्हणावें तर नजर पोंचेल तेथवर पाणीच पाणी. क्षेत्रफळ सुमारें ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पांचव्या हिश्श्याहूनहि अधिक. ह्याच सरोवराच्या एका उपसागरास लागून माबांबा नांवाची दलदल आहे. येथें पापायरस ह्या उंच लव्हाळ्याचें रान माजलेलें आहे. ज्या लव्हाळ्याचा कागद करून प्राचीन मिसर देशच्या लेखकांनीं आपले हिशेब आणि आपले देव लिहून ठेवले, तें हेंच. भूर्जपत्रावर ज्यांच्या पूर्वजांचें वाङ्मय टिकलें, त्यांनीं त्यास मनोमन नमस्कार करणें उचितच होतें.

पहांटे लांकडी होड्यांत बसून आम्ही त्या रानांतील अरुंद पाणवाटांनीं शिरलों. शोध एकाच पक्ष्याचा होता. इंग्रजीत त्यास ‘शूबिल’ म्हणतात, म्हणजे जोड्यासारख्या चोंचीचा. सुमारें तासाभरानें नावाड्यानें वल्हें थांबविलें आणि बोट दाखविलें. लव्हाळ्याच्या कडेला राखाडी निळसर रंगाचा, चार फुटांच्या आसपास उंचीचा एक पक्षी निश्चल उभा होता. वीतभर लांबीची आणि जवळजवळ तितकीच अवजड अशी ती चोंच, तिच्या टोंकास आंकडा, आणि वर फिकट डोळ्यांची ती थंड नजर! आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “अगदीं शाळातपासनीसासारखा उभा आहे हो!” बकध्यान हा शब्द आम्हीं पुष्कळदां शिकविला होता, परंतु त्याचा अर्थ त्या सकाळीं जितका स्पष्ट झाला तितका पूर्वीं कधींहि झाला नव्हता. अर्धा तास त्या पक्ष्यानें मान हलविली नाहीं. मग एकाएकीं तो सर्व अंगानिशीं पुढें कोसळला आणि उठला तेव्हां त्याच्या चोंचींत वळवळणारा मासा होता.

हा मासाहि विलक्षण आहे. त्यास फुप्फुसें असतात आणि हवा घेण्याकरितां त्यास मधूनमधून पृष्ठभागीं यावेंच लागतें. त्या एका श्वासाच्या क्षणाची वाट पाहत शूबिल उभा राहतो. तेथील कोळ्यांसहि हाच मासा हवा असतो, आणि येथेंच माणसाचें व पक्ष्याचें वैर जडलें. सकाळीं हा पक्षी दृष्टीस पडला तर त्या दिवशीं जाळें रिकामें येतें, अशी कोळ्यांची समजूत असे, आणि म्हणून दिसेल तेथें ते त्यास मारीत. पुढें पक्षी पाहणारे परदेशी लोक येऊं लागले. २००६ सालीं ह्या दलदलीस रामसार करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला, आणि ज्यांच्या होड्या माशांकरितां पाण्यांत जात त्यांच्याच होड्या पाहुण्यांना घेऊन जाऊं लागल्या. आमच्या नावाड्याचा बाप कोळी होता. तो म्हणाला, “माझ्या बापास हा पक्षी दिसला कीं तो थुंके. मला दिसला नाहीं तर माझ्या मुलीची शाळेची फी भरावयास मी काय करूं?” अपशकुन आणि शुभशकुन ह्यांच्यामध्यें एका पिढीचें व एका फीचेंच काय तें अंतर होतें! साऱ्या जगांत हे पक्षी फार तर आठ हजारांच्या घरांत असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तेव्हां त्या मुलीच्या शिक्षणाचा आणि ह्या पक्ष्याच्या आयुष्याचा धागा एकच आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

एंटेबेहून केनियाकडे येतांना वाटेंत जिंजा हें गांव लागलें. येथें नाईल नदी सरोवरांतून बाहेर पडते. १९४८ सालीं महात्माजींच्या अस्थींचा कांहीं अंश येथें विसर्जित केला गेला, म्हणून हिंदी मनुष्यास हें स्थान निव्वळ भूगोलाचें राहत नाहीं. आमच्या मंडळींनीं तेथें कांहीं क्षण मौन पाळलें. आमच्या डोक्यावरून एक खंड्या तेवढा ओरडत गेला.

केनियाच्या पश्चिमेस काकामेगाचें अरण्य आहे. सुमारें २४० चौरस किलोमीटरांचें हें वन म्हणजे त्या काँगोच्या महारण्याचा केनियांत उरलेला एक तुकडा. भोंवताली दाट वस्ती, मक्याचीं आणि चहाचीं शेतें, आणि मध्यें हा हिरवा बेट. आंत शिरतांच उजेड मंद होतो आणि पक्षी दिसण्याऐवजीं ऐकूं येऊं लागतात. येथें आम्हीं ‘ग्रेट ब्लू तुराको’ पाहिला. मोराच्या रंगाचा, डोक्यावर काळा तुरा मिरविणारा आणि फांद्यांवरून खारीसारखा धांवणारा. ह्या कुळांतील कित्येक पक्ष्यांच्या पंखांत जो तांबडा रंग असतो, त्यांत खरोखरचें तांबें असतें. इतर कित्येक पक्ष्यांचे रंग अन्नांतून किंवा प्रकाशाच्या खेळांतून येतात. तुराकोंनीं मात्र आपलें रंगद्रव्य धातूपासून बनविलें आहे. आमच्याकडील धनेशाचे भाऊबंदहि येथें भेटले. त्यांच्या पंखांचा घरघराट ऐकून कोंकणांतील देवरायांची आठवण झाली. देवाचें नांव नसतें तर आपल्या देवराया केव्हांच सरपणांत गेल्या असत्या. येथें देवाचें काम बऱ्याच अंशीं पाहुण्यांच्या पैशानें चालविलें आहे. कोणता पहारा अधिक टिकाऊ, हें काळ ठरवील.

जेवणाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून गृहिणी वाचक आम्हांस सोडणार नाहींत. युगांडांत हिरवीं केळीं उकडून केलेला ‘माटोके’, आणि केनियांत मक्याच्या पिठाची उकड ‘उगाली’ व तिच्याबरोबर ‘सुकुमा’ नांवाची पालेभाजी, हें शाकाहारी मनुष्यास सर्वत्र मिळतें. उगाली म्हणजे आपल्या तांदळाच्या उकडीची मीठ-मिरची न घातलेली वडील बहीण. सौभाग्यवतींनीं बरोबर नेलेल्या लसणाच्या चटणीनें तिचा उद्धार झाला, आणि तिसऱ्या दिवशीं आमचा वाटाड्याहि तीच चटणी मागूं लागला.

पुढें रिफ्टच्या खोऱ्यांत उतरलों. बारिंगो सरोवराच्या भोंवतीं कोरडा, कांटेरी बाभळींचा मुलूख आहे. येथें एके सकाळीं बाभळीच्या शेंड्यावर काळापांढरा, शेंडी असलेला एक पक्षी बसलेला दिसला. वाटाड्यानें त्याचें इंग्रजी नांव उच्चारण्यापूर्वींच आमच्या तोंडून ‘चातक!’ असा शब्द निघाला. हा आपल्या काव्यांतील चातक. मेघदूतांत यक्षानें मेघास सांगितलेल्या शुभशकुनांतहि त्याचा आवाज आहे. पावसाच्या थेंबाखेरीज तो पाणी पीत नाहीं, ही कविकल्पना होय. तो सुरवंट खातो आणि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत टाकून संसाराची जबाबदारी दुसऱ्यावर सोंपवितो. परंतु कवींच्या म्हणण्यांतील गाभा खरा आहे. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानांत येणारे चातक हिंवाळा आफ्रिकेंत काढतात आणि नैर्ऋत्येकडील मोसमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतात. मोंबासाहून मुंबई सरळ रेषेंत साडेचार हजार किलोमीटरांच्या जवळपास आहे. शंभर ग्रॅमहूनहि कमी वजनाचा हा जीव तेवढा समुद्र पार करतो आणि पावसाच्या आगेमागे पोंचतो! आफ्रिकेंत कायमचे राहणारे चातकहि आहेत. तेव्हां बाभळीवरचा तो पक्षी आमचा शेजारी कीं तेथील रहिवासी, हें नुसत्या दृष्टीनें ठरविणें शक्य नाहीं. वाटाड्या हंसून म्हणाला, “म्वालिमु, त्याच्याजवळ पारपत्र नसतें.”

ह्याच भागांत एक गंभीर गोष्ट डोळ्यांस दिसूं लागते. सन २०१० च्या सुमारापासून रिफ्टमधील बहुतेक सरोवरांचें पाणी चढत आहे. बारिंगोच्या कांठचीं घरें, शाळा आणि पाहुण्यांचीं विश्रामगृहें पाण्याखालीं गेलीं. ज्या शाळेचें नुसतें छप्पर पाण्यावर दिसत होतें, तिच्याकडे पाहतांना आमच्या पोटांत कालवलें. मास्तरास शाळा बुडालेली पाहणें हें देऊळ बुडालेलें पाहण्याहून वेगळें नाहीं. वाढलेला पाऊस हें ह्याचें मुख्य कारण मानतात. डोंगरउतारावरील जंगल तुटल्यामुळें वाहून येणारा गाळ आणि भूगर्भांतील हालचाली हींहि कारणें सांगितलीं जातात.

ह्याचा परिणाम पांखरांवर कसा होतो, तें नाकुरु सरोवरावर नीट समजतें. १९६८ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें हें सरोवर रोहित पक्ष्यांकरितां जगप्रसिद्ध होतें. जुन्या छायाचित्रांत त्याचा सारा कांठ गुलाबी रंगानें माखलेला दिसतो. चांगल्या वर्षीं दहा लाखांहून अधिक पक्षी तेथें जमत. त्यांचें अन्न म्हणजे क्षारयुक्त पाण्यांत वाढणारें सूक्ष्म निळें-हिरवें शेवाळ. लहान रोहित आपली चोंच पाण्यांत उलटी बुडवून जिभेनें पाणी आंतबाहेर ढकलतो आणि चोंचींतील चाळणीवर तें शेवाळ गाळून घेतो. त्यांतील रंगानेंच त्याचीं पिसें गुलाबी होतात. आतां पाणी वाढलें, म्हणजे क्षार पातळ झाला. क्षार पातळ झाला, म्हणजे शेवाळ घटलें. आणि शेवाळ घटलें, म्हणजे रोहितांनीं मुक्काम हलविला. सुमारें ४० चौरस किलोमीटरांचें सरोवर दहाच वर्षांत ६० चौरस किलोमीटरांच्या पुढें गेलें. उद्यानाचा मुख्य दरवाजा आणि कचेऱ्या पाण्यांत गेल्या. कांठच्या पिवळ्या सालीच्या बाभळी पाण्यांत उभ्यानेंच मेल्या, आणि त्यांच्या पांढऱ्या सांगाड्यांवर आतां पाणकावळ्यांचीं घरटीं आहेत.

येथें आणखी एक मौजेची गोष्ट कळली. १९५० नंतरच्या काळांत डांसांचा बंदोबस्त करण्याकरितां ह्या सरोवरांत क्षार सोसणारे लहान मासे आणून सोडले. तोंवर सरोवरांत मासा नव्हता. मासा आला तसे झोळीवाले पाणकोळी आले, आणि एका सरोवराचें सारें बिऱ्हाडच बदललें. मनुष्य निसर्गांत एक वस्तु ठेवतो, परंतु तिच्यामागोमाग कोणकोण येईल, ह्याची यादी त्याच्या हातीं नसते.

रोहित नष्ट झाले आहेत असें मात्र कोणी समजूं नये. आम्हांस ते बोगोरिया सरोवरावर दिसले. कांठास जमिनींतून उकळतें पाणी उसळत आहे, वाफेचे ढग उठत आहेत आणि त्या वाफेआड गुलाबी रांगा संथपणें चरत आहेत, असें तें दृश्य होतें. परंतु ह्या सर्वांचें मुख्य प्रसूतिगृह एकच, तें म्हणजे सरहद्दीपलीकडे टांझानियांतील नेट्रॉन सरोवर. तेथील दाहक क्षाराच्या चिखलांत, जेथें शत्रु पाय ठेवूं शकत नाहीं, तेथें ते मातीचीं उंच घरटीं करतात. जगांतील लहान रोहितांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश ह्या एका सरोवरांत जन्मतात. त्या एका पाण्यास कांहीं झालें, तर बाकीचीं दहा सरोवरें सुरक्षित असून उपयोग नाहीं. ह्याच जातीचे रोहित ठाण्याच्या खाडींत दरसाल येतात. ते आफ्रिकेचे नव्हेत, बहुतेक कच्छच्या रणाकडील असतात. तेथेंहि एक रण आणि एक खाडी, एवढ्यावरच त्यांचा संसार अवलंबून आहे.

नायवाशा येथें मत्स्यगरुडाची हांक ऐकत आणि युरोपकरितां गुलाब पिकविणाऱ्या शेतांचीं मैलोगणती छपरें पाहत एक दिवस काढला, आणि नैरोबीहून आगगाडीनें मोंबासास गेलों. ही नवी गाडी २०१७ सालीं सुरू झाली. जुना लोहमार्ग १८९६ ते १९०१ ह्या काळांत सुमारें बत्तीस हजार हिंदी मजुरांनीं, त्यांतहि मुख्यत्वें पंजाब्यांनीं बांधला. त्यांतील कित्येक परत आले नाहींत.

मोंबासाच्या स्टेशनबाहेर पाऊल टाकतांच ओळखीचा आवाज कानीं पडला. मान करड्या रंगाची, बाकी अंग काळें, आपला गांवकावळा! पंधरा दिवस परकीं पांखरें पाहिल्यावर आमच्या मंडळींस मोठा आनंद झाला. पण वाटाड्याच्या चेहऱ्यावरचें हंसूं मावळलें. त्यानें सांगितलेली हकीकत अशी. १८९० नंतरच्या दशकांत झांझीबार शहरांतील घाण साफ व्हावी म्हणून हिंदुस्थानांतून हे कावळे आणून सोडले. ते वाढले, मुख्य भूमीवर गेले आणि किनाऱ्यानें पसरले. सुगरणींचीं आणि इतर लहान पक्ष्यांचीं अंडीं व पिलें त्यांनीं फस्त केलीं, कोंबड्यांचीं पिलें पळविलीं, पिकें खाल्लीं. किनाऱ्यावरील कित्येक गांवांत लहानपणीं दिसणारीं पांखरें आतां दिसत नाहींत, असें तो म्हणाला. अखेर २०२४ सालीं केनियाच्या वन्यजीव खात्यानें वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे नाहींसे करण्याचा बेत जाहीर केला.

हें ऐकून सौभाग्यवती स्तब्ध झाल्या. त्या रोज सकाळीं पहिला घास कावळ्यास घालतात, आणि पितृपक्षांत तो शिवल्यावांचून घरांत कोणी पानावर बसत नाहीं. “पितर मारायचे कां?” त्यांनीं आम्हांस मराठींत विचारलें. वाटाड्यास प्रश्न समजला नाहीं. आम्हीं तो त्यास समजावून सांगितला. तो बराच वेळ विचार करीत राहिला. मग अदबीनें म्हणाला, “मामा, तुमच्या घरीं तो पितर असेल. पण त्यास येथें आणतांना आमच्या पितरांस कोणी विचारलें नाहीं.” ह्यावर आमच्या मंडळींपैकीं कोणाजवळहि उत्तर नव्हतें. कावळा तोच, त्याची भूक तीच, त्याची हुशारीहि तीच. आपल्याकडे घार, कोकिळा आणि शतकानुशतकांचा शेजार ह्यांनीं त्यास बांधून ठेवलें आहे, तेथें तें बंधन नाहीं. दोष त्याचा नव्हे. परंतु ज्या सुगरणींचीं घरटीं रिकामीं झालीं, त्यांचें दुःखहि खोटें नव्हे. विषानें मारण्याचा उपाय कितपत तडीस जाईल आणि त्यांत आणखी कोण मरेल, अशी शंका वाटाड्यासहि होतीच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सौभाग्यवतींनीं घास काढला नाहीं. नुसते हात जोडले.

असो. परत आल्यावर ‘काय काय पाहिलें?’ म्हणून सर्व विचारतात. आमच्या वहींत तीनशेंच्या वर नांवें आहेत. परंतु ज्यांस तिकडे जाणें शक्य नाहीं, त्यांस आमची एक विनंति आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस, मृगाच्या सरींच्या आगेमागे, गांवाबाहेरच्या बाभळीवर किंवा आपल्याच अंगणांतील तारेवर काळापांढरा, शेंडी असलेला पक्षी ‘पीऽ पीऽ पिऊ’ करीत येऊन बसेल. घरांतील मुलांस हांक मारून तो दाखवावा, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेंत ती तारीख टिपून ठेवावी. वर्षानुवर्षें अशा तारखा जमल्या, तर पाऊस आणि पक्षी ह्यांचें नातें बदलत आहे कीं काय, हें सांगण्याचें साधन पुढच्या पिढीच्या हातीं राहील. आमच्या दिनदर्शिकेंत यंदाची जागा आम्हीं रिकामी ठेविली आहे.